अकराव्या प्रकरणाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, एका प्रकाशनसंस्थेच्या पडताळणी विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल आणि हृदयाबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणण्याइतके या घरात कोणी येतही नाही.

सर्वांची पूर्ण नावे, पत्ते आणि ओळखपत्रांचे क्रमांक सोबतच्या जोडपत्रात आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहीन, नाहीतर माझ्याच कागदात मी परकी वाटेन.

कलम १. सहा वर्षांपूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात सर्व काही धाकट्या भावाला दिले होते. त्याची एक प्रत त्याच्याकडे आहे आणि ती त्याने जपून ठेवलेली असणार. स्वतःच्या फायद्याचा कागद त्याच्याकडून कधी हरवलेला नाही.

कलम २. माझ्यामागे जे करायचे ते चार माणसांत उरकावे. शोकसभा घेऊ नये. प्रकाशक येऊन मी अचूकतेसाठी कशी झिजले ते सांगतील, आणि धाकटा त्याहून सुंदर बोलेल. तो फार चांगला बोलतो. सगळे तिथेच बिघडले आहे.

कलम ३. तीन शब्दकोश, भिंग, भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यांचा गठ्ठा आणि नकाशे माझ्या जागेवर आलेल्या मुलीला द्यावेत. तिला कचेरीत काम देतात आणि वेळ देत नाहीत. शिवणयंत्र शेजारच्या वहिनींना द्यावे. अकरा वर्षांपूर्वी माळा साफ करायला नेलेली माझी शिडीही आता त्यांचीच समजावी. त्यांनी तसे केव्हाच समजून घेतले आहे.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नसतात." मी विचारले, लिहिले तर मृत्युपत्र बाद होते का? म्हणाले, बाद होत नाही. मग लिहिते.

ज्याला पाहुणा म्हणत, त्या अमली पदार्थांच्या तस्कराचे आत्मचरित्र आज घराघरांत आहे. कोणाकडेही दोन दिवसांवर मुक्काम करत नसे, म्हणून पाहुणा. सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला आणि आमच्या प्रकाशकांनी त्याला गाठले. त्याने बोलायचे आणि माझ्या धाकट्याने लिहायचे, असे ठरले. धाकट्याच्या तोवर चार कादंबऱ्या निघाल्या होत्या आणि चारही गोदामात पडून होत्या. पडताळणी माझ्याकडे आली. भावाचे लिखाण बहिणीने तपासू नये, असे मी स्वतःहून म्हटले होते. प्रकाशक म्हणाले, "तुमच्याइतकं कडक दुसरं कोण आहे, बाई? तुमचं नाव मागे असलं की कोणाची बोट दाखवायची हिंमत नाही." मी आतून फुशारले. हे लिहून ठेवणे भाग आहे.

पाहुण्याला मी एकदाच भेटले. तिसऱ्या मजल्यावरचे स्वच्छ घर. तो आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत लावत बसला होता. मला उशी असलेली खुर्ची दिली. बोलायला अत्यंत सभ्य. मी वही उघडली.

"तुम्ही सांगितलंय, आईच्या अंत्ययात्रेत तुम्ही बाईच्या वेषात चाललात."

"चाललो."

"तुमची आई वारली तेव्हा तुम्ही तुरुंगात होतात. तुरुंगाची नोंद आहे. रजेचा अर्जही केला नव्हता तुम्ही."

त्याने गुरुवारच्या खणात पांढरी गोळी टाकली. "बाई, तारखा तुमच्या, गोष्ट माझी."

अशा एकशे त्रेसष्ट जागा निघाल्या. पाठीवर माल बांधून जी खाडी तो पोहून गेला म्हणाला, तिथे त्या दिवशी त्या वेळेला ओहोटी होती. पोहायचे मनात आणले असते तरी चिखलात सरपटावे लागले असते. होडीत जन्मलो म्हणाला. प्रसूतिगृहाच्या वहीत सहा नंबरची खाट लिहिली आहे. हे सगळे मी लाल शाईने दाखवले आणि धाकट्याने कुरकुरत कुठे "म्हणतात", कुठे "असे आठवते" घालून वाक्ये मवाळ केली. त्या थापांनी कोणाचे काही वाकडे होत नव्हते. मलाही हसू येत होते.

अकराव्या प्रकरणापाशी हसू थांबले.

पाहुण्याचा एक चालक होता. गाडी चालवताना तोंडातून शब्द काढत नसे, म्हणून त्याला मुका म्हणत. प्रकरणाचे नाव "मुका बोलला". त्यात असे आहे की चौदा तारखेच्या दुपारी मुका आपल्या पायांनी पोलिसांच्या मुख्य कचेरीत गेला, बंदराजवळच्या गोदामाचा पत्ता दिला, इनाम आणि नवे कागद घेऊन बायको-पोरीला टाकून परदेशात निघून गेला. त्याच्या चुगलीमुळे पाहुण्याचे साम्राज्य बुडाले. वाचकांना हे प्रकरण सर्वांत आवडते. पाहुणा त्यात शेवटी म्हणतो, "मी त्याला माफ केलं."

मी मुक्याच्या बायकोने दिलेली हरवल्याची तक्रार काढली. उपनगरातल्या चौकीत होती. वर्णनात लिहिले होते: डाव्या पायाला प्लास्टर. मी विचार केला, मुख्य कचेरीत खबऱ्यांचे जबाब घेतात ती खोली चौथ्या मजल्यावर, आणि तेव्हा तिथे लिफ्ट नव्हती. म्हणून सरकारी रुग्णालयात गेले. हाडांच्या वॉर्डाच्या वहीप्रमाणे मुका नऊ तारखेला दाखल झाला आणि एकोणीसला घरी सोडला. चौदाच्या दुपारी त्याचा प्लास्टरमधला पाय वजन लावून टांगलेला होता. परिचारिकेची सही आहे, दर चार तासांनी एक.

मग बोलले कोण? न्यायालयाच्या अभिलेख खोलीत मी सहा दिवस बसले. ज्याच्या आधारे गोदामावर छापा पडला तो चौदा तारखेचा जबाब "कोठडीतील इसमाने" दिला आहे. त्या तारखेला त्या कोठडीत एकच इसम होता. पाहुणा दहा तारखेलाच पकडला गेला होता. पोलिसांनी जाहीर केले सोळाला. त्याची शिक्षा अठरा वर्षांवरून सातवर आली आणि निकालपत्रात कारण लिहिले आहे: तपासास सहकार्य. भागीदारांचे गोदाम पाहुण्याने स्वतः दाखवले. मुका बोलला, ही आवई त्याच्या वकिलाकडून बाहेर पडली असे त्या वकिलाच्या कारकुनाने मला सांगितले. हे एकाच माणसाचे सांगणे आहे, म्हणून मी ते अर्धेच धरते.

तेवीस तारखेला शहराबाहेरच्या दगडखाणीत एका पुरुषाचे प्रेत सापडले. दफनभूमीच्या बेवारस नोंदवहीत त्याचे वर्णन आहे, वळणदार अक्षरात. डाव्या पायाला प्लास्टर. प्लास्टरवर निळ्या शाईत वॉर्डाचा क्रमांक आणि नऊ तारीख. त्याखाली: ओळख पटली नाही. रुग्णालयाला एक फोन केला असता तर पटली असती. कोणी केला नाही. त्याला कोणी मारले याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून लिहीत नाही.

हे सगळे कागद घेऊन मी प्रकाशकांसमोर उभी राहिले. त्यांनी शांतपणे वाचले. "कमाल केलीत बाई. पण मुखपृष्ठ छापून झालंय. मागच्या बाजूला हेच प्रकरण आहे. दुसऱ्या आवृत्तीत तळटीप टाकू." आजवर एकोणीस आवृत्त्या निघाल्या. तळटीप नाही.

मी पडताळणीच्या पानावर सही करणार नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा घरी आला. मी जेवत होते. तो समोर बसला आणि माझ्या ताटाकडे बघत बोलला.

"ताई, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं?"

हे खोटे होते, पण मी तपासत बसले नाही. आई-वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी चोवीस. माझे ठरलेले लग्न मी त्याच्यासाठी मोडले, हे त्याला माहीत आहे.

"प्रकरण बदल," मी म्हटले. "नाव काढ त्याचं."

"त्या नावावर तर सगळं उभं आहे. मुका बोलला! असं शीर्षक आयुष्यात एकदा सुचतं, ताई."

"माणूस मेलाय. आणि त्याने काही केलेलं नाही."

"मग मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"बायको आहे त्याची. मुलगी आहे."

"बरंच आहे की मग. त्यांना वाटतंय तो परदेशात मजेत आहे. तू सांगणार, खाणीत पडला होता. त्याने त्यांचं काय भलं होणार?" मग त्याने माझ्या ताटाची कड धरली. "माझी पाचवी गोदामात नको जायला, ताई. मी नाही सहन करू शकणार."

मी ताट ढकलले, हात धुतले आणि सही केली. "तपासले, बरोबर आहे." एकोणतीस वर्षांच्या नोकरीत हे एकच खोटे वाक्य मी लिहिले आणि तेवढेच एकोणीस वेळा छापले गेले.

पुस्तक निघून आठ महिने झाले तेव्हा मुक्याची बायको कचेरीत आली. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसे. दरवानाने तिला माझ्याकडे पाठवले, कारण पुस्तकाच्या मागे माझे नाव होते. ती उभीच राहिली. दोनशे चौदाव्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथं लिहिलंय परदेशात गेला. कुठल्या देशात ते काही लिहिलं नाही. तेव्हा तो पाय मोडून इस्पितळात होता असं मला वाटायचं, पण तुम्ही तपासलंय म्हणे, म्हणजे तारीख मीच विसरले. पत्ता असेल ना तुमच्याकडे?"

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मला काही नको त्याच्याकडून. नुसतं विचारायचंय एकदा. पोरगी विचारते तर मी काय सांगू?"

दफनभूमीची नोंद माझ्या खालच्या खणात होती. तिच्या आणि त्या कागदाच्या मध्ये एक लाकडी फळी. मी म्हटले, "हे लेखकाला विचारावं लागेल. ते सध्या दौऱ्यावर आहेत." ती "बरं" म्हणाली, पुस्तक पिशवीत घातले आणि जिन्याने उतरून गेली. खालचा खण मी उघडला नाही. दोन वर्षांनी ती वारली.

मुक्याच्या मुलीचे बाजाराच्या मागच्या गल्लीत बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करण्याचे दुकान आहे. निवृत्त झाल्यावर मी तिथे तीन वेळा गेले, एकच पिशवी घेऊन. दोनदा चेन बसवून घेऊन परत आले. तिसऱ्यांदा चेन चांगली होती. ती म्हणाली, "मावशी, हिला काय झालंय?" मग मी सांगितले. सगळे, माझ्या सहीसकट.

तिने हातातली छत्री खाली ठेवली नाही. काडी तारेने बांधत राहिली. बांधून झाल्यावर विचारले, "आई तुमच्याकडे आली होती, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"ती रोज त्याला शिव्या द्यायची. जेवायला बसली की सुरू. मीही द्यायचे. शाळेत मला चुगलखोराची पोरगी म्हणायचे, तर मी म्हणायचे, आहेच तो तसा." तिने छत्री उघडून पाहिली, बंद केली. "आता काय पाहिजे तुम्हाला? माफी?"

मी नाही म्हटले. पाहिजे होती, तरी नाही म्हटले.

"मग हे तोंडी कशाला सांगायला आलात? ते छापलेलं आहे. लोक छापलेलं धरतात. लिहून द्या. शिक्का मारून द्या."

मी तिला दफनभूमीतल्या ओळीचा क्रमांक दिला. ती एकटी गेली. तिथे पंधरा वर्षांनी जागा पुन्हा वापरतात. त्या ओळीत आता दुसरे कोणी आहे.

त्यानंतर मी दोन वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली. एकाने पोचही दिली नाही. दुसऱ्याने पत्र प्रकाशकांना दाखवले आणि त्यांच्या वकिलाची नोटीस घरी आली, बदनामीची. मी घाबरले. एकटी बाई नोटिशीला घाबरते, यात नवल नाही. पण मी हे नवल नाही म्हणून सोडूनही देत नाही. आता मात्र डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा फोटो दाखवला आहे. मेलेल्या बाईवर नोटीस बजावता येत नाही, आणि नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल कोणालाही मागता येते.

सबब मी जाहीर करते की सदर आत्मचरित्राच्या अकराव्या प्रकरणात मुक्याविषयी लिहिलेला मजकूर असत्य आहे. त्याने कोणाचीही चुगली केली नाही. तो बायको-मुलीला सोडून कुठेही गेला नाही. तो रुग्णालयातून सुटल्यावर चार दिवसांच्या आत मरण पावला. आणि हे मला पुस्तक छापण्यापूर्वी माहीत होते. पुराव्यांच्या साक्षांकित प्रती क्रमांक एक ते बावीस सोबत जोडल्या आहेत.

कलम ५. मी राहते ते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, मुक्याच्या मुलीला द्यावे. मी तिला तसे विचारले होते. ती म्हणाली, "तुमच्या घरात मी राहणार नाही." मग म्हणाली, "विकून टाकेन. आणि आतलं एक भांडंसुद्धा घेणार नाही." तसा तिला पूर्ण हक्क राहील. भांडी वहिनींना द्यावीत.

कलम ६. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून दफनभूमीच्या कचेरीला एक लोखंडी कपाट घेऊन द्यावे. बेवारसांच्या वह्या तिथे जमिनीवर ठेवतात आणि खालच्या वह्यांना ओल लागली आहे. कपाटावर माझे नाव घालू नये.

कलम ७. प्रकाशकांना माझ्याकडून कलम चारची एक नक्कल रजिस्टर टपालाने पाठवावी. विसाव्या आवृत्तीची तयारी चालू आहे असे ऐकते.

कलम ८. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. राग आहे, पण राग हे कारण नव्हे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा होता. ज्या मजकुरावर मी त्याच्यासाठी सही केली, त्याच्या दुरुस्तीवर त्याने माझ्यासाठी सही करावी, एवढीच इच्छा होती.

म्हणून आज सकाळी त्याला बोलावले. तो आला, चष्मा लावून टेबलापाशी बसला आणि पहिल्यापासून वाचू लागला. घर मिळणार नाही हे कलम एकवरूनच कळले, तरी त्याने पान उलटले. चौथ्या पानावर त्याने पेन मागितले. मला वाटले, सही करतो. तो म्हणाला, "ताई, इथे एकाच वाक्यात 'जबाब' दोनदा आलाय. एक काढ." मी काढला. मग तो पुढे वाचत गेला आणि मुक्याची बायको कचेरीत आली होती तो भाग त्याने दोनदा वाचला.

"ती आली होती? तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू दौऱ्यावर होतास."

त्याने ते पान पालथे ठेवले. मग पेनाला टोपण लावले. "साक्षीला दुसरं कोणी बघ, ताई."

मी दारापर्यंत गेले. तो वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याचे डोक्यावरचे केस विरळ झालेले वरून दिसत होते. मी विचारले, "यातलं काही खोटं आहे का?"

"तसं मी म्हटलं नाही," तो म्हणाला, आणि गेला.

हे त्याचे शब्द मी तत्काळ लिहून घेतले आहेत. कलम चार वाचून त्याने ते खोटे म्हटलेले नाही, एवढी नोंद राहावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. कोणी याला आव्हान दिले तर त्यांनी आधी पुरावे एक ते बावीस मोठ्याने वाचून दाखवावेत. मजकूर मी स्वतः तीनदा तपासला आहे.

ठिकाण: राहते घर.
दिनांक: नऊ, गुरुवार, दुपारी साडेबारा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) बाईंवर उपचार करणारे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. विश्रांती घ्यायला सांगितले होते, ऐकलेले नाही.

साक्षीदार दुसरे: (सही) इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेले मिस्त्री. मी मजकूर वाचलेला नाही. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी म्हटले, खुर्चीवर बसून करा. त्या म्हणाल्या, मागची सही बसूनच केली होती, आणि उभ्या राहिल्या.